सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं नेटवर्क आणि आवाज, चवथीआधी एकदा बसून लावून घ्या

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फ्लॅटला कुलूप लावून सगळे गावच्या घरी जातात आणि नेमका तेव्हाच कॅमेरा ऑफलाईन दाखवतो, किंवा चित्र दिसतं पण आवाज नाही. लावणारा माणूस मोबाईलवर चित्र दाखवून केव्हाच गेलेला असतो, सेटिंगला कोणी हातच लावलेला नसतो. करायला कठीण काही नाही, फक्त आधी नेटवर्क बघा आणि मग आवाज, लाईनच धड नसली तर आवाज तुटणारच आणि आपण माइकला शिव्या घालत बसणार.

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडण्याकडची जुनी घरं चिऱ्याची, भिंती जाडजूड, राउटर आतल्या खोलीत नि कॅमेरा अंगणात म्हणजे सिग्नल वाटेतच मरतो. त्यात बरेच वायफाय कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल तर जोडतानाच घोळ होतो, दोघांना वेगवेगळी नावं द्या. जमलं तर सरळ केबलच टाका. पीओईवाला (नेटच्या वायरीतूनच वीज घेणारा) कॅमेरा असेल तर एकाच कॅट ६ वायरमधून नेट पण जातं आणि वीज पण, १०० मीटरपर्यंत. वायर जोडाच्या आधी खाली झोल देऊन मग वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून खाली गळतं, जोडात शिरत नाही.

आता आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कॅमेऱ्याचा पत्ता. पावसात लाईट जाऊन आली की राउटर कॅमेऱ्याला कधीकधी नवाच आयपी देतो आणि रेकॉर्डर (फुटेज साठवणारा डबा) बिचारा जुन्या पत्त्यावर शोधत राहतो. उपाय म्हणजे राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्वेशन, कॅमेऱ्याचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ठरलेला नंबर) टाकायचा आणि एक पत्ता त्याच्या नावावर करून टाकायचा. कॅमेऱ्यातच स्टॅटिक (न बदलणारा) आयपी दिला तरी चालतं पण तो डीएचसीपीच्या, म्हणजे राउटर आपणहून वाटतो त्या पत्त्यांच्या, रेंजबाहेरचा घ्या, नाहीतर उद्या कोणाच्या तरी मोबाईलला तोच मिळेल. गेटवे म्हणजे बाहेर इंटरनेटवर जायची वाट, त्यात राउटरचा आयपी. डीएनएस (इंटरनेटवरच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हा रकाना लोक हमखास रिकामा सोडतात, मग घरात चित्र दिसतं आणि बाहेर गेलं की ॲप बंद. टाइम झोन +५:३०, एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) चालू, नाहीतर फुटेजवरची वेळ काही कामाची नाही.

पासवर्ड कंपनीचाच ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच फॅक्टरी पासवर्ड वापरून ढिगाने कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) ताब्यात घेतले होते. यूपीएनपी (यंत्रांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडणं, कोणी सुचवलं तर माझं मत नको असंच, घरच्या कॅमेऱ्याला ॲप पुरे.

आवाजाचं सगळ्यात मोठं गौडबंगाल म्हणजे मोबाईलवर ऐकू येतो पण रेकॉर्डिंग मुकं. कारण असं की मोबाईलवर बहुतेक वेळा सब स्ट्रीम (हलकं चित्र) दिसतो आणि रेकॉर्ड होतो मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र), ऑडिओ दोन्हीकडे वेगवेगळा चालू करावा लागतो. काही कॅमेऱ्यांत स्ट्रीमचा प्रकार नुसता व्हिडिओ असतो, तो व्हिडिओ आणि ऑडिओ करा. कोडेक, म्हणजे आवाज साठवायची पद्धत, जी.७११ ठेवा, ६४ केबीपीएस, म्हणजे दिवसाला साधारण ७०० एमबी, आणि जवळपास सगळे रेकॉर्डर तो घेतात. एएसी हा दुसरा कोडेक ऐकायला बरा, पण जुना रेकॉर्डर त्याला ओळखेलच असं नाही. बाहेरचा ॲम्प्लिफायरवाला माइक असेल तर सेटिंगमध्ये ऑडिओ इनपुट 'लाईन इन' निवडा.

व्हॉल्यूम शंभरावर नेऊ नका. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आवाज फाटतो, माणसाचा एक शब्द कळत नाही. पन्नासावर ठेवा, कोणाला तरी गेटकडे उभं करून नेहमीसारखं बोलायला सांगा आणि तिथून कमीजास्त करा. नॉइज फिल्टर लावा पण तो हळू बोलणं पण खातो. माइक पागोळ्यांखाली नको, बाल्कांवात (घराच्या पुढच्या ओसरीत) आतल्या अंगाला घ्या. आणि शेजाऱ्यांच्या गप्पा रेकॉर्ड होत असतील तर माइक बंदच ठेवा बाबा, खोल्या पर्यटकांना भाड्याने देत असाल तर आत कॅमेरा नकोच, बाहेर आहे हे आधीच सांगा.

सगळं झालं की मेन स्विच पाडा, थोडं थांबून परत चालू करा, वायफाय सोडून मोबाईल डेटावर ॲप उघडा आणि लाईव्ह नाही, मागचं रेकॉर्डिंग लावून आवाज ऐका.