तिथे कटऑफ नसतो

बाबांचा पहिला प्रश्न होता, "एमआयटीचा कटऑफ किती?" इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात दादाच्या जेईईपासून सगळे हिशेब रँकमध्येच चालायचे. पण अमेरिकेतल्या एमआयटीला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला, कटऑफ नाहीच. मी २०२४ च्या प्रवेशासाठी अर्ज केला, त्या वर्षी २८ हजारांवर अर्ज आले आणि तेराशेच्या आत मुलं निवडली गेली. साडेचार टक्के. परदेशी अर्जदारांमधून निवड होण्याचं प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपण वर्गात पहिले, म्हणून हा आकडा आपल्यासाठी नाही असं समजू नका. अर्ज करणारे बहुतेक जण आपापल्या शाळेत पहिलेच असतात.

सॅट ही प्रवेशपरीक्षा (किंवा तिच्याऐवजी एसीटी) तिथे २०२२ पासून पुन्हा सक्तीची आहे. सॅटच्या गणितात ८०० पैकी ८०० च्या आसपास गुण हवेतच, पण जेईईचा अभ्यास झालेल्याला ते जड नाही. मी त्यात चार महिने घातले, दोन पुरले असते.

खरी अडचण शिफारसपत्रांची. दोन लागतात: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या. पीसीएमवाल्यांकडे, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेतलेल्यांकडे, दुसरं देणार कोण? इंग्रजीच्या मॅडमच. त्यांच्या तासाला आपण मागच्या बाकावर फिजिक्सची गणितं सोडवत असतो. माझ्या ज्या मैत्रिणींनी डमी शाळेत (नाव शाळेत, अभ्यास सगळा क्लासला) नाव घातलं होतं, त्यांना ओळखणारे शिक्षकच शाळेत नव्हते. अशा अर्जाचा विचार मनात असेल, तर अकरावीला डमीत जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आमच्या गणिताच्या सरांनी पहिला मसुदा दाखवला: "आज्ञाधारक, वक्तशीर, कष्टाळू, वर्गात प्रथम." प्रेमाने लिहिलं होतं, पण ते कुणालाही लागू पडलं असतं. मी अकरावीची वही घेऊन गेले. द्विपद प्रमेयाची एक नित्यसमानता सरांनी फळ्यावर बीजगणिताने सिद्ध केली होती. दुसऱ्या दिवशी मी तीच समिती निवडण्याच्या उदाहरणाने सिद्ध करून आणली होती आणि त्यातली एक चूक सरांनी लाल पेनने गोल केली होती. तो गोल बघून सर हसले, आणि नवं पत्र तिथूनच सुरू झालं.

पैशांचं आधीच बघा. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठं परदेशी मुलांनाही ऐपत न बघता निवडतात आणि गरजेइतकी मदत करतात. बहुतेक ठिकाणी तसं नाही. मदत मागितली की संधी कमी होते.

निबंध दिवाळीपर्यंत संपवा. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला आणि जेईई मेन शेवटी, दोन्ही एकदम अंगावर येतं. अर्ज पाठवला म्हणून जेईई सोडू मात्र नका.

निकाल १४ मार्चला, पाय (π) दिनाला (३.१४ म्हणून ३/१४), तिथल्या संध्याकाळी ६.२८ ला लागतो. आपल्याकडे पहाटेचे ३.५८. आई-बाबा दोघंही जागे होते. नकार होता. आईने चहा टाकला, बाबा काही बोलले नाहीत, आणि मी आठ वाजता ऑर्गॅनिक केमिस्ट्री उघडली. आता सिमरोलला आयआयटी इंदूरमध्ये शिकते आहे.

परवा शाळेत गेले होते. सरांकडे यंदा दोन मुलं पत्र मागायला आली आहेत. सरांनी दोघांना अकरावीच्या वह्या आणायला सांगितल्या आहेत.