आघात-तरंगाच्या चाचणीसाठी धातूचा पृष्ठभाग कसा तयार करावा

आघात-तरंग, म्हणजे धातूतून जाणारा तीव्र दाबाचा धक्का, नमुन्याच्या मोकळ्या पृष्ठभागावर पोहोचला की तिथली प्रत्येक चर उलटते आणि तिच्यातून धातूची बारीक धार पुढे झेपावते. म्हणून पॉलिश ही इथे निव्वळ दिखाऊ बाब नाही.

तांबे, अॅल्युमिनियम, कथील यांना शेवटचा काप लेथवर एकधारी हिऱ्याच्या हत्याराने द्या. पोलादाला हे हत्यार लावू नका. हिऱ्यातला कार्बन लोखंडात मुरतो आणि धार लवकर जाते. पोलाद ४००, ८००, १२०० ग्रिटच्या पेपरवर घासून मग ३ आणि १ मायक्रॉन हिरा-पेस्टने उजळा. प्रत्येक टप्प्यावर नमुना ९० अंश फिरवा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिसे-कथील पेपरवर घासू नयेच. मऊ धातूत अपघर्षक कण रुततात.

फक्त सरासरी खडबडीतपणा, म्हणजे आरए, नोंदवून भागत नाही. एकच आरए असलेले दोन पृष्ठभाग अगदी वेगळे वागू शकतात. प्रोफाइलोमीटरने, म्हणजे पृष्ठभागाचे उंचसखलपण मोजणाऱ्या यंत्राने, चरींची खोली आणि अंतर दोन्ही मोजा. माथ्यापासून तळापर्यंत २ मायक्रॉन, म्हणजे आयाम (त्याचा निम्मा) १ मायक्रॉन, आणि तरंगलांबी, म्हणजे एका चरीपासून पुढच्या चरीपर्यंतचे अंतर, ६० मायक्रॉन असेल, तर चरींचा उभटपणा सांगणारा आकडा २π × १ ÷ ६० म्हणजे सुमारे ०.१. हा आकडा वाढला की उडणारा धातूही वाढतो. धातू दाब उतरताना वितळत असेल तर ही वाढ फारच मोठी असते, कारण झेपावणारी धार रोखणारी धातूची ताकदच उरत नाही.

लेझरने वेग मोजायचा असल्यास आरशासारखी चकाकी अडचणीची ठरते: पृष्ठभाग जरा कलला की परतणारा प्रकाश प्रोबला, म्हणजे तो टिपणाऱ्या उपकरणाच्या टोकाला, चुकतो. तिथे हलका, एकसारखा मॅट फिनिश ठेवा, पण खोल चरी नकोत.