पाऊण कान उभा, पाव कान झुकलेला: शेल्टीच्या पिल्लाच्या कानांची तयारी

शेल्टी म्हणजे शेटलंड शीपडॉग, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची एक छोटी जात. तिच्या कानाचं माप मराठीत सांगायला फार सोपं आहे. पाऊण कान उभा, पाव कान पुढे झुकलेला. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात कानांचं वर्णन असंच आहे, आणि कुत्रं निवांत असलं की कान लांबीत दुमडून मागे मानेच्या केसांत जातात, हेही त्यात आहे. आमची खारीक नऊ आठवड्यांची होऊन न्यू जर्सीतल्या घरी आली तेव्हा तिचे कान अगदी असेच होते. पंधराव्या आठवड्यात एका सकाळी उठून बघते तर उजवा कान सरळ टवकारलेला आणि डावा आडवा पडलेला. पुढचा महिनाभर आमची जी धावपळ झाली ती सगळी तयारी नसल्यामुळे झाली. यंदा ओळखीतल्या दोन मराठी घरांत शेल्टीची पिल्लं येणार आहेत, म्हणून आम्ही जे आधी करायला हवं होतं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

कानाचं टोक झुकलेलं राहावं म्हणून ते वाढीच्या महिन्यांत दुमडून गोंदाने किंवा पट्टीने चिकटवून ठेवतात. सगळ्यात आधी घरात बसून एक ठरवा, की हे तुम्हाला करायचंच आहे का. कान पूर्ण उभा राहिला म्हणून कुत्र्याला काही त्रास होत नाही, ऐकू कमी येत नाही, आयुष्य घटत नाही. कुत्र्यांच्या शोमध्ये उतरवायचं असेल तर पूर्ण उभा कान दोष धरतात, तिथे प्रश्न वेगळा. आम्ही शोला जात नाही. मला तो झुकलेल्या टोकांचा मऊ, विचारात पडलेला चेहरा मनापासून आवडतो, एवढंच माझं कारण होतं. पण कारण एवढंच असेल तर पिल्लाच्या मर्जीपुढे ते मागे ठेवायची तयारी पहिल्या दिवसापासून हवी. पिल्लू रात्र रात्र कान खाजवत असेल, जेवण सोडत असेल, तर पट्टी काढायची आणि उभ्या कानांवर तितकंच प्रेम करायचं.

पिल्लू आणण्यापूर्वी ब्रीडरला, म्हणजे ज्यांच्याकडे ते जन्मलं त्यांना, पिल्लाच्या आईवडलांच्या कानांबद्दल विचारा. नुसतं ‘छान आहेत’ यावर थांबू नका. त्यांचे कान चिकटवावे लागले होते का, किती महिने, आणि पाचव्या महिन्यातले फोटो आहेत का, हे विचारा. कान बऱ्याच अंशी वंशातून येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या या छोट्या कुत्र्यांच्या रक्तात उत्तरेकडच्या उभ्या कानांच्या कुत्र्यांचा अंश आहे, आणि मागाहून त्यात कोली या मोठ्या मेंढपाळ जातीचं रक्त मिसळलं गेलं. इंग्लंडच्या केनेल क्लबने 1909 मध्ये या जातीला मान्यता दिली ती ‘शेटलंड कोली’ या नावाने. कोलीवाल्यांनी हरकत घेतल्यावर 1914 मध्ये नाव ‘शेटलंड शीपडॉग’ झालं. म्हणजे टवकारलेला कान या जातीत बाहेरून आलेला नाही, तो जुनाच आहे आणि अधूनमधून वर येतो. हे एकदा कळलं की ‘आपण खायला कमी घातलं का’ असला अपराधीपणा मनात येत नाही. मला तो आला होता, म्हणून सांगते.

ब्रीडर अनुभवी असेल तर आणखी एक मागणी करा: पहिल्यांदा कान त्यांनी तुमच्यासमोर चिकटवून दाखवावा. सोनारानेच कान टोचावेत असं आपण म्हणतो, ते इथे शब्दशः लागू आहे. घडी कुठे पडायला हवी, गोंद किती लावायचा, पिल्लाचं डोकं कसं धरायचं, हे वाचून कळत नाही. मी वाचून केलं आणि पहिल्या दोन वेळा घडी वाकडी बसली, कान बाजूला वळला. तिसऱ्या वेळी दीड तास गाडी चालवून खारीकला ब्रीडरकडे नेलं. तिथे दहा मिनिटांत काम झालं आणि मला जन्माचं शिकायला मिळालं.

मग कॅलेंडर घ्या. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण साडेतीन ते चार महिन्यांत पुढचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 42 दात येतात. याच काळात कान चंचल होतात: सोमवारी बरोबर, बुधवारी उभा, शुक्रवारी पडलेला. पिल्लाच्या जन्मतारखेवरून हे महिने मोजून कॅलेंडरवर रंगवून ठेवा आणि त्या दिवसांत लांबचा प्रवास किंवा त्याला बाहेर ठेवायची वेळ शक्यतो आणू नका. दर रविवारी एक फोटो काढा, समोरून, पिल्लू जागं आणि सावध असताना. झोपेतून उठलेल्या पिल्लाचे कान बघून निर्णय घेऊ नका. या दिवसांत कोणीतरी कॅल्शियमच्या गोळ्या द्यायला सांगतंच. देऊ नका. पिल्लांसाठीच्या पूर्ण आहारात लागेल तेवढं कॅल्शियम असतं आणि वरून दिलेलं वाढत्या हाडांना बाधू शकतं.

आता या यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट. गोंद नाही, पट्टी नाही: पिल्लाने कानाला हात लावू द्यायला हवा. आमचं चुकलं ते इथेच. खारीकच्या कानाला आम्ही पहिल्यांदा हात लावला तोच चिकटवायला, त्यामुळे कानाकडे येणारा हात म्हणजे संकट अशी तिची पक्की समजूत झाली. ती मोडली माझ्या आईने. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिने आयुष्यात कितीतरी बाळांना तेल लावून न्हाऊ घातलेलं आहे. ती रोज संध्याकाळी जमिनीवर पाय पसरून बसायची, खारीकला दोन पायांच्या मधे घ्यायची आणि आधी पाठ, मग मान, मग कानाचं मूळ, आणि सगळ्यात शेवटी टोक, असा हात फिरवायची. कान आधी नाही, शेवटी. पिल्लाने मान वळवली की हात थांबायचा, मान परत आली की हात सुरू व्हायचा. आठवड्याभरात खारीक स्वतःहून तिच्या पायांत येऊन बसायला लागली.

म्हणून पिल्लू घरी आल्याच्या दिवसापासून, कान अगदी बरोबर असले तरी, रोज पाच मिनिटं हे करा. टोक अंगठा आणि दोन बोटांत धरून पुढच्या बाजूला हलकेच दुमडायचं, घडीच्या रेषेवर बोट फिरवायचं, सोडायचं. बोटांना थोडं लॅनोलिन (लोकरीतून काढलेलं मऊ मेण) किंवा पेट्रोलियम जेली लावली तर टोक मऊ राहतं आणि किंचित जडही होतं. कितीतरी पिल्लांना एवढंच पुरतं, पुढे काही चिकटवावं लागत नाही. आतली कूर्चा कोवळी असते, तिला चोळायचं किंवा ओढायचं नाही. याच वेळी रोज कानात डोकवा आणि वास घ्या. निरोगी कानाला जवळपास वासच नसतो. तो नाकाला ओळखीचा झाला की बिघाड झालेला लगेच कळतो.

डबा आधीच भरून ठेवा, कारण पिल्लाला मांडीवर घेतल्यावर उठता येत नाही. कापूस, साफ करायला रबिंग अल्कोहोल, बोथट टोकाची छोटी कात्री, कागदी सर्जिकल टेप, आणि पायाला फोड येऊ नयेत म्हणून लावतात ती मोलस्किनची मऊ पट्टी. इथे ती कुठल्याही फार्मसीत मिळते. गोंद रबराच्या चिकाचा, कापड जोडायला वापरतात तसला, आणि कुठला ते ब्रीडरला विचारूनच घ्या. पिल्लाच्या पोटावरच्या केसांना थेंबभर लावून एक दिवस थांबा, लाली आली तर तो गोंद बाद. झटपट चिकटणारा सुपरग्लू घरात असेल तर तो या डब्याच्या आसपासही ठेवू नका, त्याने कातडी भाजते. डक्ट टेप नको, रबरबँड तर कधीच नको. चाटायला पीनट बटर ठेवणार असाल तर डबीवरचा मजकूर वाचा. झायलिटॉल नावाची गोडी त्यात असेल तर ती कुत्र्याला विषारी आहे. आणि सोडवण्यासाठी खोबरेल तेल. रबराचा गोंद तेलाने मऊ पडतो. आईने आणलेली खोबरेलाची बाटली आमच्या डब्यात कायमची गेली.

माणसं दोन लागतात. एकाने पिल्लू धरायचं आणि चाटवत ठेवायचं, दुसऱ्याने फक्त कान बघायचा. पिल्लू फिरून, खेळून, दमून आलेलं असावं. कानाची आतली बाजू अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून घ्या, म्हणजे जेलीचा तेलकटपणा जाईल, आणि पूर्ण वाळू द्या. कातडीवर ओरखडा असेल तर त्या दिवशी अल्कोहोलही नको आणि गोंदही नको. मग टोक पुढे दुमडायचं आणि टोकाच्या आतले केस खालच्या केसांना चिकटवायचे. गोंद केसांना लागला पाहिजे, कातडीला नाही. कानाचं भोक पूर्ण मोकळं राहायला हवं, तिथे हवा जायलाच हवी. हवी त्यापेक्षा घडी थोडी खाली घ्या, कारण सोडल्यावर कान जरा वर चढतोच. आमच्याकडे एकतृतीयांशावर घडी घातली तेव्हा पुढे ती पावावर येऊन थांबली. दोन मिनिटं बोटांनी धरून ठेवा आणि पुढची दहा मिनिटं पिल्लाला मोकळं सोडू नका, त्याच्याशी खेळत राहा. पहिला पंजा कानाकडे जातो तो याच दहा मिनिटांत. घरात दुसरं कुत्रं असेल तर ते हे काम आवडीने चावून सोडवतं, पहिले दोन दिवस दोघांना नजरेखाली ठेवा.

कान जड, खाली पडलेला असेल तर उपाय उलटा आहे. तिथे टोकाला वजन नको. कानावरचे लांब केस विरळ करून भार कमी करायचा आणि मुळाशी पट्टीचा आधार देऊन कान वर, डोक्याच्या माथ्याकडे आणायचा. हे मी स्वतः केलेलं नाही, पण शेजारच्या कोलीचं होताना जवळून बघितलं आहे. ते घरच्या घरी पहिल्यांदाच करून बघण्यासारखं काम नाही.

लावल्यानंतरचं काम लावण्यापेक्षा जास्त. रोज सकाळी आणि रात्री नाक कानाजवळ न्यायचं. लाली, ओल, आंबूस वास, डोकं झटकणं, एका बाजूला मान कलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच मिनिटाला तेल लावून सोडवायचं आणि कान बरा होईपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. सगळं ठीक असलं तरी दहा-बारा दिवसांनी काढायचं, स्वच्छ करायचं, दोन दिवस मोकळं ठेवायचं आणि कान आपण होऊन कुठे बसतो ते बघायचं. ओढून कधीच काढायचं नाही. तेल लावून पंधरा मिनिटं थांबलं की गोंद बोटांनी सुटतो. ऑगस्टच्या दमट दिवसांत खारीकला अंघोळ घालून मी कान पुरेसा न वाळवता तशीच पट्टी लावली होती. तिसऱ्या दिवशी आतून लाल झालेला कान बघून पोटात कालवलं. तेव्हापासून अंघोळ आणि पट्टी यांत पूर्ण एक दिवस ठेवते. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात कोणी हे करत असेल तर त्यांनी हा नियम आणखी कडक पाळावा.

एक गोष्ट मात्र पट्टी लावा किंवा न लावा, करायचीच आहे. कोली आणि शेल्टी यांच्यात एमडीआर1 नावाच्या जनुकाचा दोष आढळतो. 2001 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून तो समोर आला. कोलींमध्ये सुमारे 70 टक्के आणि शेल्टींमध्ये सुमारे 15 टक्के इतकं त्याचं प्रमाण सांगितलं जातं. हा दोष असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत काही औषधं नको तेवढी शिरतात आणि जिवावर बेततं. त्यातलं मुख्य औषध आयव्हरमेक्टिन. कानाला खाज सुटली की किड्यांचा संशय येतो, आणि किड्यांवरच्या औषधांत हेच असू शकतं. आपल्याकडे महाराष्ट्रातही गोचीड आणि खरजेवर त्याचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं. हार्टवर्म, म्हणजे हृदयात होणाऱ्या जंतांसाठी महिन्याला देतात त्या गोळीत त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की ती ठरलेल्या मात्रेत चालते, पण बाकी काहीही देण्याआधी डॉक्टरांना जात स्पष्ट सांगा. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन जनुकाची चाचणी करता येते. आम्ही ती पाचव्या महिन्यात केली, खरं तर पहिल्याच भेटीत करायला हवी होती. निकालाचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा, कुत्र्याला दुसऱ्या कोणाकडे ठेवायची वेळ आली तरी तो सोबत जातो.

दात पूर्ण आले की लगेच सोडू नका. दहा-बारा दिवस लावा, एक आठवडा मोकळं ठेवा, मग तीन आठवडे मोकळं, असं अंतर वाढवत न्या. काही पिल्लांचं सातव्या महिन्यात संपतं, काहींना वर्ष लागतं. खारीकचा डावा कान आठव्या महिन्यात स्थिरावला, उजवा अकराव्यात. आई तेव्हा साताऱ्याला परत गेली होती. त्या रविवारचा फोटो तिला पाठवला तर तिचा फोन आला आणि पहिला प्रश्न होता, संध्याकाळी हात फिरवतेस ना अजून? फिरवते, रोज, आधी पाठ, मग मान, आणि कान शेवटी.