धनुष्याची साईट घेताना आणि लावताना या चुका टाळा

साईट, म्हणजे नेम धरायला धनुष्यावर बसवायचं साधन, ऑनलाइन शोधायला बसलं की आधी दिसतात त्या गोल कड्यातल्या, पाच चमकत्या पिनांच्या साईट. दिसायला भारी, किमतीलाही परवडणाऱ्या. अनेक पालक तीच घेऊन टाकतात. पण ती वस्तू धनुष्याने शिकार करणाऱ्यांसाठी, मुख्यतः अमेरिकेतल्या बाजारासाठी, बनलेली असते. तिथे हरीण 20 यार्डांवर थांबेल की 40 वर, हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक अंतराला वेगळी पिन. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, आणि मैदानी स्पर्धेत अंतर ठरलेलं असतं: वरिष्ठ गटात कंपाउंडला (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) 50 मीटर, रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) 70. उरलेल्या चार पिना नुसत्या नजरेला अडतात.

रिकर्व्हवर तर नियमाने एकच नेमबिंदू चालतो. भिंग नको, लेव्हलचा, म्हणजे धनुष्य तिरकं झालंय का ते दाखवणारा, बुडबुडा नको, बॅटरीचा दिवा नको. कंपाउंडला भिंग आणि लेव्हल चालतात, दिवा तिथेही चालत नाही. आणि मूल बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड हा देशी स्पर्धाप्रकार खेळत असेल तर साईटचा प्रश्नच येत नाही; ते पैसे चांगल्या बाणांवर खर्च करा.

स्वस्तातली हलणारी साईट

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डोळ्यापासून साईट साधारण 90 सेंटिमीटरवर असेल, तर ती 1 मिलिमीटर सरकली की 50 मीटरवर बाण साडेपाच सेंटिमीटर सरकतो. कंपाउंडच्या 80 सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघं 8 सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून 4. नागपूरच्या ओजस देवतळेने 2023 च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण त्या वर्तुळात. अशी नेमबाजी सैल साईटवर होत नाही. घेताना पिन बोटांनी धरून हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर ती ठेवा तिथेच. घेतलेल्या साईटचेही स्क्रू सरावाआधी रोज तपासा, धनुष्याच्या धक्क्याने ते सुटतातच.

एका बाणावर साईट फिरवणं

नवशिक्यांचा हात लगेच स्क्रूकडे जातो. एक बाण डावीकडे गेला तर तो तुमच्या बाण सोडण्याचा दोष असू शकतो, वाऱ्याचा असू शकतो. दोन-तीन फेऱ्या मारा, बाणांचा ग्रुप, म्हणजे एकत्र पडलेला झुबका, कुठे बसतोय ते बघा, मगच हात लावा. ग्रुपच जमत नसेल तर साईटला दोष देऊ नका, कोचला सांगा.

फिरवताना लक्षात ठेवा: बाण जिकडे, साईट तिकडे. बाण खाली पडतायत तर साईट खाली घ्या. उलटं वाटतं, पण खाली गेलेली पिन पुन्हा मध्यावर आणायला धनुष्य उचलावं लागतं, आणि बाण वर जातो.

30 मीटरवर बाण मधोमध आणि 50 वर एका बाजूला जात असतील तर आधी साईटची उभी पट्टी बघा. ती बहुधा दोरीला समांतर नसते. कंपाउंडला लेव्हलही ताडून घ्या. ओळंबा सोडा, दोरी त्याच्या रेषेत धरा आणि बुडबुडा मध्यभागी येतो का ते पाहा.

जास्त पॉवरचं भिंग

टार्गेट मोठं दिसतं, तसं हाताचं थरथरणंही मोठं दिसतं. मग मूल पिन स्थिर व्हायची वाट बघत थकतं. सुरुवात कमी पॉवरने करा. पीपचं (दोरीत बसवलेली, आरपार बघायची छोटी चकती) भोकही स्कोपच्या (भिंग बसवलेलं गोल कडं) मापाचं हवं, पीपमधून स्कोपची कडा चहूबाजूंनी सारखी दिसली पाहिजे.

साईट खाली उतरून बाणाला लागते

हलक्या पाउंडेजचं, म्हणजे ओढायला कमी जोर लागणारं, धनुष्य घेऊन लांबचं अंतर मारणाऱ्या मुलांना हा त्रास फार. अंतर वाढलं की साईट इतकी खाली जाते की बाण किंवा त्याची पिसं तिला घासतात. लगेच जड लिंब्ज (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) घेऊ नका, कोवळ्या खांद्यांवर ताण येतो. साईटची पुढे गेलेली दांडी आत, रायझरकडे (धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग) ओढून घ्या. जवळ आलेल्या साईटला त्याच अंतरासाठी कमी खाली यावं लागतं आणि बाणाला वाट मिळते. दांडी सरकवली की जुने आकडे चालत नाहीत, प्रत्येक अंतराची खूण नव्याने लिहून घ्या.