टू-पार्टी देशांची तुलना करायची तर आधी काय बघायचं

अमेरिका, ब्रिटन, माल्टा सगळ्यांवर एकच टू-पार्टी लेबल लावून मोकळं व्हायचं हे मला अजिबात पटत नाही. पक्ष मोजत बसण्याआधी मतं किती पडली आणि जागा किती मिळाल्या हे शेजारी शेजारी लिहून काढा, अर्धा उलगडा तिथेच होतो.

ब्रिटनची 1983 ची निवडणूक घ्या. मतं: कॉन्झर्व्हेटिव्ह 42.4 टक्के, लेबर 27.6, एसडीपी-लिबरल आघाडी 25.4. जागा अनुक्रमे 397, 209 आणि फक्त 23! आता प्रत्येक टक्केवारी दशांशात घ्या (0.424 वगैरे), वर्ग करा, बेरीज करा आणि 1 ला त्या बेरजेने भागा, म्हणजे प्रत्यक्षात किती पक्ष धरायचे ते कळतं. मतांचं उत्तर साधारण 3.1 येतं, एकूण 650 पैकी जागांचा वाटा धरून तेच केलं की 2.1, म्हणजे लोकांनी तीन पक्षांना मतं दिली पण संसदेत पोचेपर्यंत दोनच उरले.

मग कारण शोधा, पण ज्याला जास्त मतं तो जिंकला या पद्धतीवर सगळं ढकलू नका. आपल्याकडे तीच पद्धत आहे तरी देशभर दोनच पक्ष नाहीत, केरळात दोन आघाड्या, हिमाचलात काँग्रेस-भाजप, त्यामुळे भारताचा हिशोब राज्यवार करा. उलट माल्टात पसंतीक्रमाने (उमेदवारांना 1, 2, 3 असे क्रम देऊन) मतदान होतं तरी वर्षानुवर्षं दोनच पक्षांचं राज्य, आणि 1981 मध्ये तर नॅशनलिस्ट पक्षाला निम्म्याहून जास्त मतं मिळूनही सत्ता लेबरकडे गेली.

बरेच जण विसरतात ते म्हणजे पक्षाच्या आत कोणाचं चालतं. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. 2019 मध्ये ब्रेक्झिटवर सरकारविरोधात मत दिलं म्हणून कॉन्झर्व्हेटिव्हच्या 21 खासदारांना संसदीय पक्षातून काढलं, आणि अमेरिकेत 2017 ला रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी विरोधात मत देऊन स्वतःच्याच पक्षाचं आरोग्य विमा विधेयक पाडलं तरी ते रिपब्लिकनच राहिले, कारण तिथे तिकीट नेता नाही, प्रायमरीतले (पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीतले) मतदार ठरवतात. दोन्हीकडे दोन मोठे पक्ष, पण ‘पक्ष’ ही चीजच वेगळी आहे.

आणि एकाच निवडणुकीवर निष्कर्ष काढू नका, निदान चार-पाच तरी घ्या. मधे नियम बदललेत का तेही बघा, न्यूझीलंडचं टेबल करताना 1993 आणि 1996 च्या मधे रेघ मारा, कारण 1996 पासून तिथे प्रमाणशीर (मतांच्या प्रमाणात जागा देणारी) पद्धत आली आणि आधीच्या आकड्यांची त्यात सरमिसळ केली तर सरासरीला काही अर्थच राहत नाही.