दर सहा आठवड्यांनी नवं प्रदर्शन: छोट्या कलादालनातली अदलाबदल कशी पार पाडावी

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या कलादालनाचं वर्षाचं वेळापत्रक आखताना उद्घाटनाच्या तारखा आधी लिहिल्या जातात आणि मधले दिवस उरतील तसे. क्रम उलटा हवा. आधी अदलाबदलीचे आठवडे लिहून काढा, मग प्रदर्शनं बसवा. चित्राचा कोपरा फुटणं, भिंतीवर डाग उमटणं, उद्घाटनाला पाहुणे आले तरी पाट्या लागलेल्या नसणं, यातलं बहुतेक सगळं मधल्या घाईतून येतं.

हिशेब सोपा आहे. प्रदर्शन सहा आठवडे आणि अदलाबदल एक आठवडा, म्हणजे सात आठवड्यांचा एक फेरा. वर्षाच्या ५२ आठवड्यांत असे सात फेरे बसतात आणि तीन आठवडे उरतात. हे तीन आठवडे कुणालाही देऊ नका. छताची गळती, वायरिंग, सगळ्या भिंतींची वार्षिक रंगरंगोटी यांना तेच लागतात. चार-चार आठवड्यांची दहा प्रदर्शनं कागदावर आकर्षक दिसतात, पण दर महिन्याला भिंती भरायला तीच माणसं लागतात आणि वर्ष संपायच्या आत ती थकतात. शिवाय पहिल्या आठवड्यात प्रदर्शन पाहिलेला माणूस दुसऱ्याला सांगून त्याला घेऊन येईपर्यंत चौथा आठवडा उजाडलेला असतो.

निवड आणि करार

अर्ज निदान आठ महिने आधी मागवा. अर्जात कलाकाराची ओळख आणि छायाचित्रं सगळेच मागतात, पण मांडणी करणाऱ्यांना लागणारी माहिती वेगळी असते: फ्रेमसकट लांबी-रुंदी, वजन, मागे टांगायची सोय काय आहे, समोर काच आहे की ॲक्रिलिक, विजेची जोडणी लागते का. ही माहिती नसेल तर ३० किलोचं चित्र पोकळ पार्टिशनवर लावायची वेळ येते आणि ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळतं.

निवड समिती तिघांची किंवा पाच जणांची असावी. ज्याचा नातेवाईक, विद्यार्थी किंवा सहकारी अर्जदार असेल त्याने त्या अर्जापुरतं बाहेर थांबावं, आणि हा नियम अर्ज यायच्या आधीच लिहून ठेवावा. सातपैकी एक जागा परिसरातल्या लोकांच्या सामूहिक प्रदर्शनाला द्या. लोकांचं कलादालन म्हणायचं तर भिंतीवर लोक दिसले पाहिजेत. फक्त लक्षात ठेवा, साठ छोटी चित्रं लावायला बारा मोठ्या चित्रांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, तेव्हा मांडणीला एक दिवस वाढवून धरा. आणि कुणी ऐन वेळी मागे सरलं तर लावता येईल असं एक प्रदर्शन तयार ठेवा. संस्थेच्या संग्रहातलं असेल तर उत्तमच.

करार एका पानाचा चालेल, पण त्यात प्रत्येक कलाकृतीचं नाव, माध्यम, माप आणि विम्यासाठीची किंमत हवी. आणायची आणि न्यायची तारीख-वेळ, वाहतूक कुणाची, विक्री झाल्यास कलादालनाचा वाटा किती, आणि विकलेलं चित्र प्रदर्शन संपल्यावरच मिळेल, हेही हवं. विमा कलाकाराच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचा आहे की फक्त तुमच्या छताखालचा, हे स्पष्ट लिहा. भांडणं नेमकी याच फटीत होतात.

पहिला दिवस: उतरवणं

चित्र भिंतीवर असतानाच तपासा. बॅटरीचा प्रकाश बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर टाकला की रंगाचे पापुद्रे, ओरखडे आणि कॅनव्हासवरचे फुगवटे समोरून दिसत नाहीत तेही दिसतात. आलं तेव्हाच्या नोंदीशी ताडून पाहा: पुढून एक, मागून एक आणि चारही कोपऱ्यांचा एकेक फोटो. येताना ही नोंद केलेली नसेल तर जाताना सापडलेला ओरखडा कुणाचा, याला उत्तर नसतं.

फ्रेम उचलताना एक हात खाली, एक बाजूला. वरच्या पट्टीला धरून कधीच उचलू नका, कोपऱ्याचा सांधा तिथेच उघडतो. एखादी बाजू एक मीटरहून लांब असेल तर दोघांनी उचलायचं. सुती हातमोजे काचेवर आणि गुळगुळीत फ्रेमवर घसरतात, त्यामुळे नायट्राइलचे (पातळ, रबरासारखे, न घसरणारे) वापरा. भिंतीला टेकवून ठेवायची तर फोमच्या ठोकळ्यांवर, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून, मधे पुठ्ठा घालून. तोंडाकडे पाठ आली तर एकाच्या मागची टांगायची रिंग दुसऱ्याच्या रंगात रुतते.

बांधताना चित्राला आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ) कागद लावा आणि वर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. फुगे आत आले तर उन्हाळ्याच्या गाडीप्रवासात ॲक्रिलिक रंगावर गोल ठसे उमटतात, कारण हा रंग उष्णतेने मऊ होतो आणि प्लॅस्टिकला चिकटतो. ते ठसे पुसून जात नाहीत. प्रवासात साध्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारली तर काच फुटल्यास तुकडे चित्रावर पडत नाहीत. ॲक्रिलिकवर किंवा चकाकी कमी करणारा लेप असलेल्या काचेवर मात्र पट्टी लावू नका, लेप निघून येतो.

न्यायला येणाऱ्या कलाकारांना वीस-वीस मिनिटांच्या वेळा वाटून द्या. जुनी चित्रं पूर्ण बाहेर पडल्याशिवाय नवी आत घेऊ नका. दोन प्रदर्शनांचा माल एका दालनात असणं, यापेक्षा धोकादायक काही नाही.

भिंती

खिळा काढला की भोकाभोवतीचं प्लास्टर किंचित वर आलेलं असतं. त्यावर तशीच पुट्टी भरली तर कितीही घासलं तरी तिथे टेंगूळ राहतं. म्हणून आधी पुट्टी लावायच्या पात्याच्या मुठीने ती कड आत दाबा, मग पुट्टी भरा. सुकताना ती आक्रसते, तेव्हा भिंतीच्या पातळीपेक्षा थोडी जास्त ठेवा आणि खोल भोक दोनदा भरा. सुकल्यावर आधी १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा.

यानंतर बहुतेकजण थेट रंग लावतात आणि भिंत देवी आल्यासारखी दिसते. कोरडी पुट्टी रंगातलं पाणी ओढून घेते, तिथला रंग निस्तेज बसतो आणि बाजूने प्रकाश पडला की प्रत्येक भोक नजरेत भरतं. पुट्टीवर आधी प्रायमरचा हात द्या. मग रंग छोट्या रोलरने लावा, ब्रशने नको, कारण आधीची भिंत रोलरने रंगवलेली असेल तर पोतही तोच यायला हवा. रंग मॅट असावा आणि छटेचा नंबर डब्याच्या झाकणावर आणि नोंदवहीत, दोन्हीकडे लिहिलेला असावा. तोच नंबर असूनही दुसऱ्या खेपेच्या डब्यात फरक पडू शकतो, म्हणून वर्षभराची दुरुस्ती एकाच खेपेच्या रंगातून करा.

घासकाम चालू असताना दालनात एकही कलाकृती नको. रंगानंतर ४८ तास वारा खेळता ठेवा. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावावं लागलंच तर फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबरी बटणं चिकटवा, म्हणजे मागून हवा फिरते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर छान. ६५ च्या वर सतत गेली की बुरशीची भीती असते. आकडा एकदम खालीवर होणं त्याहून वाईट, त्याने लाकूड आणि कागद ताणले जातात. थंड किंवा दमट जागेतून आलेलं पार्सल म्हणूनच २४ तास बांधलेलंच राहू द्या.

मांडणी आणि टांगणं

आधी सगळी चित्रं भिंतींच्या पायथ्याशी ठोकळ्यांवर ठेवून पाहा आणि एक रात्र तशीच राहू द्या. कागदावरच्या नकाशात शेजारी शोभणारी दोन चित्रं प्रत्यक्षात एकमेकांना खातात. दारातून शिरताच नजर जिथे जाते तिथे सगळ्यात मोठं चित्र लावायची सवय असते. पण तिथे मन थांबवणारं चित्र लावा, ते लहान असलं तरी चालेल.

अंतरांचं गणित असं: भिंत ६४० सेंमी, पाच चित्रांच्या रुंदीची बेरीज ३४० सेंमी, उरले ३००. सहा ठिकाणी ५०-५० वाटता येतील, पण टोकांना ६०-६० आणि मधल्या चार जागांना ४५-४५ ठेवलं तर चित्रं एक गट म्हणून वाचली जातात.

उंचीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर धरा. लहान मुलं किंवा चाकाच्या खुर्चीवरून येणारे प्रेक्षक जास्त असतील तर १४५. हुकाची उंची काढायची रीत: मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा ताणलेल्या तारेचं वरच्या कडेपासूनचं अंतर. फ्रेम ७० सेंमी उंच आणि ताणल्यावर तार कडेच्या १२ सेंमी खाली येत असेल तर १५० + ३५ − १२, म्हणजे १७३. तार एका बोटाने नव्हे, दोन हुकांच्या जागी दोन बोटांनी ताणून मोजा. हूक दोनच वापरा. एका हुकावरचं चित्र दाराच्या प्रत्येक आपटण्याने सरकतं.

तार घट्ट ताणून बांधणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. मागच्या रिंगा वरून एक तृतीयांशावर असाव्यात आणि तारेला ढिलाई असावी. चित्र एका हुकावर आहे असं धरून पाहा: तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा ६ किलोच्या चित्रात तारेच्या प्रत्येक अर्ध्यावर सुमारे ६ किलोचा ताण येतो. तीच तार जवळजवळ आडवी, १० अंशांवर असेल तर ताण १७ किलोंवर जातो, आणि रिंगांचे स्क्रू उपटून निघतात. चित्राचं वजन बदललेलं नसतं, म्हणून कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तार चित्राच्या वजनाच्या चौपट भार सोसणारी घ्या.

वरून पट्टी आणि लोंबत्या तारांची सोय असेल तर भिंतीला भोकं पडत नाहीत आणि आधी सांगितलेलं भोकं भरणं-रंगवणं जवळजवळ संपतं. दर सहा आठवड्यांनी बदल करणाऱ्या दालनाला हा खर्च परवडतो. भिंतीत स्क्रू मारणारच असाल तर रॉल प्लगसह (भोकात बसवायच्या प्लॅस्टिकच्या खुंटीसह) मारा आणि आतून वायर जात नाही ना, ते आधी तपासा.

शिल्पांच्या चौथऱ्यांभोवती चालायला निदान १२० सेंमी आणि चाकाची खुर्ची वळायला १५० सेंमी जागा सोडा. हलका चौथरा वाळूच्या पिशव्यांनी आतून जड करा. बाहेर पडायचा दरवाजा आणि आग विझवायचं नळकांडं कोणत्याही कलाकृतीसाठी झाकू नका.

दिवे

प्रकाश किती पडतो ते लक्समध्ये मोजतात. जलरंग, छायाचित्रं, कागद, कापड यांना ५० लक्स, तैलरंग आणि ॲक्रिलिकला १५० ते २०० लक्स. प्रत्येक चित्रापाशी लक्समीटर धरून मोजा, अंदाजाने ठरवू नका. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही. ५० लक्सचे ८ तास म्हणजे दिवसाचे ४०० लक्स-तास. भर उन्हाचा प्रकाश लाखभर लक्सपर्यंत जातो. खिडकीतून त्याच्या निम्मा जरी जलरंगावर तासभर पडला तरी ५०,००० लक्स-तास झाले, म्हणजे १२५ दिवसांचा खुराक एका दुपारी. म्हणून मांडणी ठरवण्याआधी ऊन दिवसभरात कुठे कुठे सरकतं ते पाहा आणि त्या पट्ट्यात कागदावरचं काम लावू नका.

दिव्याचा कोन उभ्या रेषेपासून ३० अंश ठेवा. दिव्यांची पट्टी ३२० सेंमी उंचीवर आणि चित्राचा मध्य १५० वर असेल तर दिवा भिंतीपासून साधारण एक मीटरवर येतो. त्याहून जवळ आला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते, लांब गेला तर काचेत दिवा दिसतो आणि पाहणाऱ्याची सावलीही चित्रावर येते. बल्ब रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वरचे घ्या.

पाट्या सगळ्यात शेवटी, दिवे लागल्यावर, कारण फ्रेमची सावली नेमकी पाटीवर पडते. अक्षर १८ पॉइंटहून लहान नको. नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम पुरे. प्रदर्शनाची ओळख सांगणारा मजकूर १५० शब्दांत बसवा. शुद्धलेखन कलाकाराकडून छापण्याआधी लेखी तपासून घ्या. स्वतःचं नाव चुकीचं छापलेलं पाहणाऱ्या नवख्या कलाकाराला कितीही माफी मागितली तरी त्या दिवसाचा आनंद परत देता येत नाही.

सातवा दिवस मोकळा ठेवा. लागेल.

प्रदर्शन चालू असताना दर आठवड्याला एकदा पातळी, तारा, दिवे आणि आर्द्रता तपासून तारखेसह नोंद करा. उद्घाटनाआधी प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो आणि हुकांच्या उंचीची यादी जपून ठेवा. पुढच्या वेळी तशाच मापाचं चित्र आलं तर तेच हूक वापरता येतात आणि भरायची भोकं कमी होतात. आणि न्यायला कुणी आलंच नाही तर? त्याचं उत्तर करारात आधीच असावं: किती दिवस सांभाळणार, लेखी आठवण किती वेळा देणार, त्यानंतर चित्र कुणाच्या खर्चाने पाठवणार.