आजीची आठवण-पुस्तिका: वर्षश्राद्धाच्या आत हाती येईल अशी

वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटायचं बहुतेक घरांत शेवटच्या पंधरवड्यात सुचतं. मग तिच्यात चार फोटो, दोन कविता आणि ‘प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी’ एवढंच येतं. हे कुणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल. तुमची आजी त्यात दिसायला हवी असेल, तर दिवसकार्य उरकल्यावर दोन-तीन महिन्यांत कामाला लागा.

आधी तारीख पक्की करा. श्राद्ध तिथीनं येतं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं, म्हणून तिथी इंग्रजी तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी पडते; मध्ये अधिक मास आला तर जवळपास १९ दिवस पुढे जाते. गुरुजींना विचारून घ्या आणि त्या दिवसाच्या सहा आठवडे आधी सगळा मजकूर टायपिंगला जाईल, असं ठरवा.

माणसांकडे जाताना सुरुवात सर्वांत थकलेल्या माणसापासून करा. आजीच्या बहिणी, जावा, नणंदा, माहेरची भावजय हे आधी, मुलं-नातवंडं शेवटी. लग्नाआधीची मुलगी फक्त तिच्या भावंडांनाच ठाऊक असते. एका वेळी एकाच माणसाशी बोला, ४०-४५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. पंखा बंद करा (रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जास्त आवाज त्याचाच येतो), फोन एअरप्लेन मोडवर टाकून टॉवेलाच्या घडीवर ठेवा. ‘आजी कशी होती?’ विचारलंत तर ‘फार मायाळू’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: पदराच्या गाठीला काय बांधलेलं असायचं? पहाटे उठून पहिलं काम कोणतं? रागावली की काय म्हणायची? जात्यावरच्या कुठल्या ओव्या यायच्या? ओवी कुणी म्हणून दाखवली तर तिच्याच बोलीत, जशीच्या तशी उतरवा. ‘शुद्ध’ केली की ती गेली.

तारखांचा घोळ हमखास होतो. जुन्या शाळेच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख कितीतरी जणांची सापडते, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर वय बेतून तीच तारीख घालायचे. तिच्यावर विसंबू नका. ‘तेव्हा काय घडलं होतं?’ असं विचारलं की साल सापडतं. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१चा, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, सुकडी खाल्लेला दुष्काळ १९७२चा, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, गणपती विसर्जनानंतरच्या रात्रीचा. आणे जाऊन नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. ‘पानशेतच्या वेळी थोरली पाळण्यात होती’ या एका वाक्यावर अर्धं आयुष्य लावता येतं. लग्नपत्रिकेवर साल शालिवाहन शकात दिलं असेल तर इंग्रजी सालासाठी त्यात ७८ मिळवा. मात्र जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. शके १८८४चा वैशाख म्हणजे १९६२, पण त्याच शकाचा फाल्गुन १९६३चा. इथे एका वर्षाची चूक होते आणि तीच पुढे सगळीकडे छापली जाते.

तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि लग्नात बदललेलं नाव पहिल्याच पानावर घ्या. वंशावळीत लेकी आणि लेकींची मुलंही हवीत. नुसत्या मुलग्यांची वंशावळ म्हणजे अर्धं घर बाहेर ठेवणं.

आता तिचं देणं. याला सर्वांत जास्त वेळ द्या. हाताची सढळ असलेली बाई कुणाला काय दिलं ते घरी सांगत नाही, म्हणून घराबाहेर विचारावं लागतं: भांडी घासायला येणाऱ्या मावशी, जुने भाडेकरू, शेजारीण, वार लावून जेवणारे तेव्हाचे विद्यार्थी, बाळंतपणाला जिच्याकडे ही धावून गेली ती. पण घेणाऱ्याचं नाव आपल्या मनानं छापू नका. फी भरली, मंगळसूत्र सोडवून आणलं, हे तिनं झाकून केलं. पुस्तिकेनं ते उघडं पाडलं तर तिच्या देण्याचाच अपमान होतो. ‘गल्लीतल्या एका मुलाची दहावीची फी’ एवढं पुरे. नाव घालायचंच असेल तर तो परिच्छेद त्या माणसाला समोर बसून वाचून दाखवा आणि होकार मिळाल्यावरच घ्या.

तिच्या हातचे दोन-तीनच पदार्थ घ्या, पण मापासकट. ती ‘एक वाटी’ म्हणायची ती वाटी कोणती? मांडणीवरून तीच काढा, पिठानं सपाट भरून वजनकाट्यावर ठेवा, आधी रिकामी, मग भरलेली. किती ग्रॅम ते लिहा. तूप, गूळ, रवा प्रत्येकाचं वजन वेगळं भरेल. वाटीचा फोटोही छापा, पोचा आलेली असली तरी. जुनी धान्याची मापं आली तर ध्यानात ठेवा: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली.

जुने फोटो ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे दुप्पट मोठे छापता येतात. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो; खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता काचेवरूनच तिरीप टाळून फोटो काढा. नातेवाइकांना सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन येतो आणि छपाईत चेहरे विरघळतात. फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन पुढून उमटतं.

ए-५ आकार, ३२ पानं, मध्ये पिना. पानांची संख्या चारच्या पटीत लागते. आतला कागद १०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), मुखपृष्ठ २५० ते ३००. अक्षर १३ पॉइंटपेक्षा लहान नको, कारण पहिली वाचणारी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. मजकूर युनिकोडमध्ये द्या. छापखान्यात तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला तर ‘सुऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲ’ मोडतात. म्हणून प्रूफ पडद्यावर नको, कागदावर मागा. दोनदा तपासा: एकदा तुम्ही, एकदा तिच्या पिढीतलं कुणीतरी, ज्याला नावं-गावं माहीत आहेत.

शेवटची दोन पानं कोरी ठेवा, ओळी आखून. वाचल्यावर लोकांना आठवायला लागतं, आणि तेराव्याला गप्प बसलेली एखादी नणंद त्या दिवशी बोलते.